‘मेले’ म्हणजे हसले!

परवा रात्री नऊच्या सुमारास आमच्या रहाटणीच्या सोसायटीतल्या एक वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडे आल्या. हातात लेकीचा मोबाईल. ‘‘ताई, हे बघा हो काय लिहिलंय हिनं!’’ नववीतल्या त्या मुलीनं मैत्रिणीला लिहिलं होतं, ‘आय ॲम डेड’. पुढे कवट्यांची रांग. वहिनींचे मिस्टर चाकणला सेकंड शिफ्टला, घरात विचारायला दुसरं कुणी नाही. मी सरळ लेकीलाच बोलावलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. मधल्या सुट्टीत कुणाचा तरी डबा सरांच्या बुटावर सांडला होता, त्यावर बाईसाहेब ‘हसून हसून मेले’ एवढंच म्हणत होत्या! कवटी म्हणजे हल्ली हसू. आपण पाठवतो तो डोळ्यांत पाणी आणून हसणारा पिवळा चेहरा या मुलांना म्हणे ‘काकूबाई’ वाटतो.

गंमत सोडा, पण त्या दहा मिनिटांत त्या माऊलीचा जीव टांगणीला लागला होता, हे खरं.

मोठ्यांना कळू नये म्हणून भाषा करणं काही आजचं नाही. आपण ‘च’ची भाषा बोलायचो, ‘मला’चं ‘चलाम’ करायचो आणि आईनं वळून पाहिलं की खुदकन हसायचो. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. आणि आपल्या कंपनीवाल्या घरांचं काय? ‘ओटी’ म्हटलं की आपल्याला जादा पगार आठवतो, नर्सबाईंना ऑपरेशनची खोली, आणि सासूबाईंना खणानारळाची ओटी. शब्द एकच, पण बोलणारं माणूस बदललं की अर्थ बदलला.

मुलांच्या शब्दांचंही तसंच. कुणाला सहज भुरळ घालण्याची हातोटी म्हणजे ‘रिझ’. हा ‘करिझ्मा’ या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा; ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२३ साली तो वर्षाचा शब्द ठरवला. मनाचे मांडे खाणारी ती ‘डेलुलु’. ‘नो कॅप’ म्हणजे खोटं नाही, शप्पथ. सतत फालतू रील्स बघून डोक्याचा भुगा होणं म्हणजे ‘ब्रेनरॉट’, हा २०२४चा शब्द. आणि ‘सिक्स सेव्हन’? २०२५मध्ये डिक्शनरी डॉट कॉमनं हा आकडाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला, पण त्याला धड अर्थच नाही. ओरडायचं आणि हसायचं, बस्स! तेव्हा मैत्रिणींनो, वहीत यादी करून पाठ करू नका. आपल्याला शब्द समजेपर्यंत मुलांनी तो टाकून दिलेला असतो.

पण सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जुलै २०२४मध्ये आपल्या इथून जवळच, किवळे भागात एका शाळकरी मुलानं जीवन संपवलं. त्याच्या कागदांवर ऑनलाइन खेळाचे आराखडे आणि सांकेतिक मजकूर सापडला. घरच्यांना तो उलगडला नाही, पोलिसांनाही त्याचा अर्थ शोधावा लागला. अशा मृत्यूचं कारण एखाद्या खेळावर किंवा शब्दावर ढकलून मोकळं होता येत नाही. तरी ती बातमी वाचून इथल्या किती आयांनी त्या रात्री मुलांची दप्तरं चाळली असतील!

मरणाबद्दल थेट लिहिलं की काही ॲप ती पोस्ट मागे ढकलतात किंवा काढतात, म्हणून मुलांनी आडवळणाचे शब्द काढले. ‘अनअलाइव्ह’ हा त्यातला. हा टिकटॉकवर फोफावला. आपल्याकडे ते ॲप जून २०२०मध्ये बंद झालं, शब्द मात्र दुसऱ्या वाटेनं आलाच. ‘केएमएस’ म्हणजे स्वतःला संपवते. पेपर अवघड गेला तरी मुली हे लिहितात, आणि खरंच आतून तुटलेली मुलगीही हेच लिहिते. म्हणजे कवटीला घाबरलो ते उगाच, आणि ज्या तीन अक्षरांना घाबरायचं, ती आपल्याला वाचताच येत नाहीत.

मग ओळखायचं कसं? नुसत्या शब्दावरून नाही. झोप उडाली आहे का, जेवण तुटलं आहे का, जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलणं बंद झालंय का, आवडीच्या वस्तू वाटून टाकते आहे का, याच्यासोबत तो शब्द वाचायचा. शंका आली तर स्पष्ट विचारायचं, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का गं?’ विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडायचं नाही, तिला एकटी सोडायची नाही, डॉक्टर गाठायचा. सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. फ्रिजवर लावून ठेवा.

आमच्या वहिनींची लेक मात्र मोबाईल चोरून बघितला म्हणून दोन दिवस फुगून बसली होती. तिचंही चुकलं नाही, आपल्या चिठ्ठ्या कुणी उघडलेल्या आपल्याला तरी कुठे चालायच्या? शेवटी दोघींत ठरलं, रात्री मेथी निवडताना लेकीनं एक शब्द सांगायचा, आईनं माहेरचा, परभणीकडचा एक द्यायचा. काल लेकीनं मैत्रिणीला लिहिलं, ‘गणितानं डोकं भंजाळलं’, आणि पुढे कवटी. मैत्रिणीनं लगेच विचारलं, हा कुठला नवा शब्द गं?