याला ‘निवड’ म्हणू नका

बीडच्या ऊसतोड बायांचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येतं: ‘त्यांनीच पिशवी काढून घेतली, कुणी जबरदस्ती केली?’ या उत्तराची मला चीड येते.

२०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. इतक्या बायांना एकाच वेळी हौस आली काय?

मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल हंगामाआधीच घेतलेली, तीही बहुतेकदा नवऱ्याच्या हातात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. फडात संडास नाही, पालात न्हाणी नाही, पाणी लांब. पाळीत पोट दुखलं म्हणून बसली, तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढणार. अंगावरून पांढरं जातं म्हणून खासगी दवाखान्यात गेली, तर तिथं कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगतात. मग ती हो म्हणते. नाही म्हणायची सोय कुठं ठेवली होती तिला?

अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या व्याख्यानात विचारलं होतं: समता, पण कशाची? तत्त्वज्ञ जॉन रॉल्स साधनांच्या वाटपाचा हिशेब मांडत होते. सेन म्हणाले, त्या साधनांतून माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, काय होता येतं, ते बघा. तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी तर मूलभूत क्षमतांची यादीच दिली, आणि आरोग्य व स्वतःच्या शरीरावरचा ताबा तिच्यात अगदी वर आहेत. फडातल्या बाईला नेमकं तेच नाकारलं जातं.

‘बाया तक्रार करत नाहीत’ हेही ऐकवू नका. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये सिंगूरला झालेल्या पाहणीचा दाखला सेन देतात. तब्येत बरी नाही असं विधुर सर्रास सांगत होते, विधवा क्वचितच. दुखणं अंगवळणी पडलं की माणूस ते सांगायचंही सोडतो. सोसण्याला समाधान समजणारी धोरणं मला निर्दय वाटतात.

२०२४ पासून राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतून बाईच्या खात्यात दरमहा १५०० रुपये येतात. येऊ देत, बाईच्या हातात पैसा हवाच. पण तेवढ्यानं न्याय झाला, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. तेवढ्याच १५०० रुपयांत पुण्यातल्या बाईला जे जमतं, ते फडातल्या बाईला जमत नाही, कारण तिच्या पालापाशी पाणीच नाही आणि पाळीतली सुट्टी विकत मिळत नाही.

खाडा बंद करा. बाईचा करार तिच्या नावानं आणि उचलीतला तिचा वाटा तिच्या हातात द्या. तळापाशी पाणी, संडास आणि हंगामभर सरकारी डॉक्टरीणबाई हव्यात. आणि ‘मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत’ म्हणत हात झटकणाऱ्या साखर कारखान्यांकडून याचा खर्च वसूल करा.