रिंगा टाकण्याआधी वॉलगाईड पाहा

विजेचे पंप आले तरी आपल्या कित्येक सभासदांच्या विहिरीवर जुने, संथ गतीचे डिझेल इंजन अजून उभे आहे. ऐन वैशाखात वीज दगा देते तेव्हा उसाला तेच तारते. ते इंजन धूर ओकू लागले, हँडल मारून दंड भरून आले तरी उचलेना, की मेस्त्रीचे निदान ठरलेले : "रिंगा गेल्या, लायनर-पिस्टन बदला." आम्हाला हे दर वेळी पटत नाही.

दाबाविरुद्ध हँडल सावकाश फिरवावे आणि कान द्यावा. फुसफुस सायलेन्सरातून आली तर एक्झॉस्ट वॉल गळतो, हवेच्या फिल्टरातून आली तर इनलेट. क्रँककेसमधून आली तरच रिंगांकडे बोट दाखवावे.

वॉल गळतो म्हटल्यावर पेस्ट लावून घासला की झाले, हीही समजूत चुकीची. वॉलला सरळ धरतो तो गाईड. तोच ढिला असला तर वॉल दर खेपेला निराळ्या जागी टेकणार, आणि नवी सीट महिन्या-दोन महिन्यांत खराब होणार. आमच्यापैकी काहींनी एका उन्हाळ्यात दोनदा हेड उतरवले, ते याच पायी. दोन्ही वेळची मजुरी अर्थात आमचीच!

गाईडची झीज जुना वॉल हलवून ठरवू नये. दांडी झिजली की गाईड, हे त्यात कळतच नाही. आधी गाईडमधली काजळी पुरती काढावी, कारण काजळीने ढिला गाईडही घट्ट वाटतो. मग नवा वॉल घालून तो सीटवरून थोडा वर उचलावा आणि डोके रॉकरच्या रोखाने हलवून पाहावे. झीज त्याच रोखाने जास्त असते. गाईड दोन्ही टोकांना कर्ण्यासारखा पसरतो, मधे मात्र चांगला राहतो, म्हणून नुसते मधे मापून फसगत होते. नवा वॉलही लटलट हलला तर गाईड बदलावाच. किती थाऊ फट चालते ते त्या इंजनाच्या पुस्तकात पाहावे; मेस्त्रीचा अंगठा हे काही माप नव्हे. फार घट्ट गाईडही वाईट, तापल्यावर वॉल अडकतो. आणि गाईड बदलला की मध्य सरकतो, तेव्हा सीट नव्याने कापून घ्यावीच लागते.

आमची सूचना अशी : बंद हंगामात कारखान्याच्या वर्कशॉपने आठवड्यातून एक दिवस सभासदांची हेडे मायक्रोमीटर आणि गेज लावून तपासून द्यावीत. पावसाळ्यात इंजने खोपीत पडूनच असतात. येत्या वार्षिक सभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत.