आधी वायर, मग राउटर

नवं नेट घेताना आपण किती एमबीपीएसचं कनेक्शन घ्यायचं, याची चौकशी दहा ठिकाणी करतो. पण ते आतल्या खोलीपर्यंत पोचणार कसं, याचा विचार फारसा कुणी करत नाही. नळ अंगणात आला म्हणून स्वयंपाकघरात पाणी येत नाही, तसंच हे.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीकडे बुऱ्हाणपूरला गेले होते. बेळगावची लेक मध्य प्रदेशात दिलेली, तिची सून धारवाडची. त्यामुळे घरात मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच ताटात. सून बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करते. घर जुनं, भिंती दीड हात जाडीच्या. फायबरचा डबा पुढच्या ओसरीत आणि सून मागच्या खोलीत. दोन भिंती ओलांडेपर्यंत वाय-फाय दमून जायचं. ऐन मीटिंगमध्ये हाक यायची, "नेट इल्ल री, अत्ते!" आम्ही हसायचो, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. असंच चाललं तर बेंगळुरूला येऊन राहा, असं तिला कंपनीनं कळवलं होतं, आणि पोर अजून बालवाडीत.

चार अँटेनांचा मोठा राउटर आणावा, असं सगळ्यांचं मत. मी म्हटलं, आधी वायर टाका. साध्या घरासाठी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस वेग नेते. नव्यानं टाकायचीच तर कॅट ६ घ्यावी. केबल शुद्ध तांब्याची हवी. 'सीसीए' म्हणून स्वस्तात मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, ती टाळा. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिटला चारही लागतात. टोकाला एखादी नीट बसली नाही, तर वेग १०० वर घसरू शकतो. आणि विजेच्या पाइपातून ही वायर नेऊ नका.

आता राउटर. त्यावर 'फास्ट इथरनेट' लिहिलं असेल तर नावाला भुलू नका, तो वेग १००चाच. पोर्ट गिगाबिटचीच हवीत, नेट येणारंही आणि घरात जाणारंही.

पुढचा प्रश्न आतल्या फर्मवेअरचा. राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. काही वर्षांनी कंपनी त्याला सुधारणा देणं थांबवते. मग यंत्र धडधाकट असतं, पण सुरक्षेतली भोकं तशीच उघडी राहतात. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स होतं. लिनक्सच्या परवान्याच्या अटींमुळे २००३ साली कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, मुक्त फर्मवेअर सुरू झालं. ते आजही चालू आहे.

बहिणीच्या यजमानांनी विचारलं, "ताई, कोड खुला असून आपल्याला काय उपयोग? आपल्याला थोडाच वाचता येतो?" त्यांच्याच गावात उत्तर होतं. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारं पाणी अडवून शहराला पुरवणारा कुंडी भंडारा इथं बांधला गेला. शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालच्या बोगद्यानं जोडलेल्या, आणि पाणी नुसत्या उतारानं वाहतं. प्रत्येक जण काही कुंडीत उतरत नाही. पण तोंड उघडं असलं म्हणजे जाणकाराला उतरून बघता येतं.

निवडताना एक पथ्य पाळा. राउटरचं नाव तेच, पण आतला माल वेगळा, असं होतं. २००५ च्या सुमारास त्याच डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत मेमरी निम्मी केली होती आणि लिनक्सही काढलं होतं. म्हणून खालच्या लेबलवरची आवृत्ती बघा आणि ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत जुळते का, हे विकत घेण्याआधी तपासा. किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असावी. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपला या फर्मवेअरचा आधार तोकडा आहे. मीडियाटेकच्या बऱ्याच चिप चांगल्या चालतात.

२०२४ मध्ये खास या फर्मवेअरसाठी 'ओपनडब्ल्यूआरटी वन' हा राउटर निघाला. बनवणारे कोण, तर 'बनाना पाय'! केळ्यांच्या बुऱ्हाणपुरात हे सांगितल्यावर सूनबाई म्हणाली, "बाळेहण्णु इथंही आलं?" त्याला नेट येणारं पोर्ट २.५ गिगाबिटचं आहे, पण घरात जाणारं एकच, तेही १ गिगाबिटचं. जास्त खोल्यांत वायर न्यायची तर जोडीला स्विच घ्यावा लागतो.

बहिणीकडे शेवटी यादीतलाच एक साधा राउटर घेतला. फायबरचा डबा जागच्या जागी ठेवला आणि त्यापुढे हा लावला. फर्मवेअर गल्लीतल्या एका जाणत्या मुलानं चढवलं. चुकीची फाइल चढली तर राउटर बंद पडू शकतो आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो, म्हणून हे काम घाईनं करू नये. मागच्या खोलीत आता वायरनं नेट येतं. सूनबाईंच्या मीटिंग सलग होतात, आणि बेंगळुरूला जाण्याचं बोलणं तूर्त थांबलं आहे.