रस्त्यावरचे पाणी कुणाचे?

संगमनेर शहरातील रस्त्याकडेचे व्यावसायिक व नदीकाठचे रहिवासी यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
शहरातील रस्ते, गटारे आणि नदीपात्र ज्यांच्या ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या सर्व यंत्रणा



आमच्या संघटनेत गॅरेजवाले, पंक्चर काढणारे, वॉशिंग सेंटरवाले आणि हातगाडीवाले आहेत, तशीच प्रवरा-म्हाळुंगी नद्यांच्या काठी राहणारी कुटुंबेही आहेत. म्हणजे रस्त्यावर ऑइल सांडणारे आणि ते ज्यांच्या दारात वाहत येते ते, दोघांच्याही सह्या याच कागदावर आहेत. हा कागद तयार होण्याआधी आमच्यात भरपूर भांडणे झाली. शेवटी एका गोष्टीवर एकमत झाले: रस्ता बांधणारा माणूस नकळत एक ओढाही बांधत असतो, आणि त्या ओढ्याचा हिशेब आज कुणाच्याच वहीत नाही.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक किलोमीटर लांब आणि दहा मीटर रुंद रस्त्यावर 25 मिलिमीटरची एक सर पडली की अडीच लाख लिटर पाणी वाहते. दहा हजार लिटरचे 25 टँकर. आपल्याच तालुक्यात, पठार भागात, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हे लक्षात घेतले की हा आकडा टोचतो.

पण सगळे पाणी सारखे नसते. जूनमधली पहिली सर आठ महिन्यांची धूळ, इंजिनचे ऑइल, ब्रेकची काजळी, टायरचा झिजलेला भुसा, गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कप घेऊन निघते, काळी, फेसाळ. नदीच्या घाटावर राहणाऱ्यांना ती वासावरून कळते. एक-दोन पावसांनंतर त्याच गटारातून बऱ्यापैकी निवळ पाणी येते. त्या सुरुवातीच्या पाण्यापुरता बंदोबस्त केला तरी निम्मे काम होईल, असे आमचे मत आहे.

टायरचा भुसा ऐकून कुणी हसेल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर शहरातल्या ओढ्यांत कोहो साल्मन मासे का मरतात, हे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी कारण शोधले: टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या रसायनाचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन बनलेले विष. आपल्याकडे ते मासे नाहीत. टायर मात्र आहेत, आणि नाशिक-पुणे वाहतूकही.

रस्त्याचे पाणी शेवटी समुद्रात जाते, असे सांगितल्यावर ‘संगमनेरला कुठला आलाय समुद्र?’ असे आम्हाला एका सरकारी टेबलावर विचारले गेले. आहे. सह्याद्रीपलीकडचा अरबी समुद्र जवळ असला तरी आपले पाणी तिकडे जात नाही. ते ओझरच्या बंधाऱ्याशी थांबते, तिथून कालव्यांनी खालच्या शेतांत शिरते, उरलेले टोक्याजवळ प्रवरासंगमला गोदावरीत मिळून नाथसागर जलाशयात जाते आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. त्या किनाऱ्याच्या कोळ्यांशी आपली ओळख नाही. ओझरच्या कालव्यावरचा शेतकरी मात्र बाजारच्या दिवशी आमच्याच गॅरेजात येतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी: रस्त्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकाला, मग काम काँक्रीटीकरणाचे असो वा नुसत्या डांबराच्या थराचे, पाणी कोणत्या उताराने, कोणत्या गटारातून, नदीत कुठे पडेल याचा नकाशा जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी निचऱ्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, केंद्राने 2019 मध्ये पावसाळी गटारांची स्वतंत्र नियमावलीही काढली आहे. आम्ही नवे काही मागत नाही. आणि जुना थर खरवडल्याशिवाय नवा थर टाकू नये. थरावर थर चढून रस्ता उंच झाला आणि उंबरे खाली गेले.

दुसरी: मैला आणि पावसाचे पाणी वेगळे करा. पावसाळी गटारात जोडलेल्या संडासाच्या पाइपांची यादी करा, त्यांना मुख्य मलवाहिनीत जोडा. यादीत आमच्यापैकी कुणी निघाला तर त्याच्यासाठी रदबदली करणार नाही.

नदीला मिळणाऱ्या प्रत्येक मोठ्या गटाराच्या तोंडाशी जाळी, गाळ बसायला टाकी आणि तेल अडवणारी आडवी भिंत हवी. फार खर्चिक काम नाही हे. खर्च आहे तो ती टाकी दर पावसानंतर उपसण्याचा, आणि तिथेच योजना बुडतात; म्हणून बांधकामाच्या निविदेतच पाच वर्षांच्या सफाईची रक्कम धरावी. नालेसफाईचा गाळ काठावर ढीग करून ठेवला तर पहिल्याच सरीत तो परत आत जातो. 48 तासांत तो उचलावा. गटाराच्या चेंबरमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने बंद केले आहे. अपवाद सांगू नयेत, यंत्र आणावे.

जलपुनर्भरणाचा उत्साह चांगला, पण रस्त्याचे पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. छताचे सोडा. रस्त्याचे पाणी आधी माती, खडी आणि गवताच्या पट्ट्यातून मुरू द्या. झाडाच्या बुंध्याशी सिमेंट ओतणे थांबले तरी निम्मी जागा मिळेल.

पाण्याची तपासणी तीन ठिकाणी व्हावी: शहराच्या वर प्रवरेत, म्हाळुंगीच्या संगमाखाली, आणि ओझरच्या बंधाऱ्यावर. पहिल्या पावसाच्या दिवशीचा एक नमुना त्यात असलाच पाहिजे. हिवाळ्यातला स्वच्छ नमुना दाखवून कुणाचे समाधान होणार नाही. निकाल मराठीत, फलकावर.

आमच्याकडून: जळके ऑइल ड्रममध्ये साठवून फक्त परवानाधारकाला देऊ, त्याच्या पावत्या दाखवू. वॉशिंग सेंटरचे पाणी गाळ-तेल टाकीतून गेल्याशिवाय गटारात सोडणार नाही. छोट्या गॅरेजवाल्याला स्वतःची टाकी परवडत नाही, तेव्हा चार-पाच गॅरेजांमागे एक सामायिक टाकी बांधायला जागा द्यावी. बांधकामाचा खर्च आम्ही वाटून घेऊ.

तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. त्याआधी चर्चेला बोलावल्यास येऊ, पण बैठक कार्यालयात नको. पहिला मोठा पाऊस लागला की गंगामाई घाटावर या. छत्र्या आम्ही आणतो.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद, संगमनेर