अशोक विजयादशमी : मुलांना काय सांगायचे?



दसरा जवळ आला की आमच्या वस्तीतल्या विहारात दोन वाद हमखास निघतात. कार्यक्रम दसऱ्याच्या तिथीला घ्यायचा की १४ ऑक्टोबरला? आणि शेजाऱ्यांनी आपट्याचे सोने दिले तर मुलांनी ते घ्यायचे की नाही? गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने तिसराच प्रश्न विचारला. "काका, सम्राट अशोकाने याच दिवशी शस्त्र खाली ठेवले असे तुम्ही सांगता. शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, हे कुठे लिहिले आहे?"

आम्ही रुबाबात सांगून टाकले, "शिलालेखात!" घरी आलो आणि मनात शंका आली. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांची बिले पुराव्याशिवाय पास न करणारे आम्ही, स्वतःचा पुरावा मात्र कधी तपासलाच नव्हता. मग दोन-तीन रविवार वाचनालयात बसलो.

आधी दसऱ्याचेच पाहिले. या दिवसाला अनेक कथा चिकटलेल्या आहेत. पांडवांनी शमीच्या झाडावर ठेवलेली शस्त्रे, रामाचा रावणावरचा विजय, कौत्सासाठी कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस. पण कथा बाजूला ठेवल्या तर खाली ऋतू दिसतो. पाऊस सरतो, नद्या उतरतात, वाटा वाळतात, खरिपाचे पीक हाताशी येते. राजे याच सुमारास मोहिमेवर निघत, म्हणून शस्त्रपूजा आणि सीमोल्लंघन. दाराला भाताच्या लोंब्या बांधतात, त्याही शेतकऱ्याच्याच. गिरणीत आमचे वडीलधारे यंत्राला झेंडूचा हार घालत, ती कामगारांची रीत. म्हणजे हा दिवस कोणा एकाचा नाही. ज्याने त्याने आपापला अर्थ त्यात भरला आहे.

मग अशोकाकडे वळलो. कलिंगच्या युद्धाची हकीकत त्याच्या तेराव्या शिलालेखात आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले, दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली, असे तो राजा स्वतःच सांगतो. त्याला पश्चात्ताप झाला आणि धम्माने मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ, असे त्याने दगडावर कोरून ठेवले. त्यात सारे आहे, पण तिथी नाही.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात चूक कबूल केली. मुले गप्प झाली. मागे बसलेल्या पंचाहत्तरीच्या एका मावशींना मात्र वाईट वाटले. "म्हणजे बाबा, इतकी वर्षं आपण खोटं सांगत आलो?"

आम्ही म्हणालो, "मावशी, ५६ साली तुम्ही कुठे होता?"

त्या म्हणाल्या, "नागपूरला. आईच्या कडेवर. पाच वर्षांची होते. काही आठवत नाही, फक्त पांढरंच पांढरं. जिकडं पाहावं तिकडं पांढरे कपडे."

आम्ही मुलांना म्हटले, "हा घ्या पुरावा. तुमच्या समोर बसला आहे."

१४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी विजयादशमी होती. त्या दिवशी सकाळी नागपुरात बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः लाखोंच्या समुदायाला दीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूर का निवडले तेही सांगितले. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, त्यांची ही भूमी, म्हणून. या दिवसाला आधाराची कमतरता नाही. अशोकाची तिथी सापडो वा न सापडो, तलवारीच्या विजयाच्या दिवशी धम्माच्या विजयाची आठवण ठेवणे हे आपल्या लोकांनी ठरवले आहे. ते अभिमानाने सांगावे. फक्त "शिलालेखात तिथी आहे" असे सांगू नये. केवळ परंपरा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तर तथागतांनीच कालामांना सांगितले.

आता तिथी की तारीख? चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून दसरा पुढेमागे होतो. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला आला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. दीक्षाभूमीचा मुख्य सोहळा तिथीला होतो, कित्येक ठिकाणी १४ तारीख पाळतात. दोन्हींचे मूळ त्या एकाच सकाळी आहे. यावरून विहारात दोन तट पडू नयेत.

आणि आपट्याचे सोने? शेजारी प्रेमाने देत असेल तर त्याचा हात रिकामा परतवू नये, एवढेच आमचे मत. मात्र आपण झाड ओरबाडू नये.

शेवटी एक गोष्ट. मुंबईजवळ सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला १९५६ मध्ये, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी! त्या नवव्या लेखात काय आहे? लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल ते धम्ममंगल : दास-नोकरांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दान.

तेव्हा यंदा दारूची बाटली आणि उसनवारीचा थाट टाळू या. घरात बावीस प्रतिज्ञा मोठ्याने वाचू या. आणि ५६ साल पाहिलेले कोणी घरात वा शेजारी असेल तर मुलांना त्यांच्यापाशी बसवून, ते सांगतील ते वहीत उतरवून घेऊ या. दगडावरचा लेख दोन हजार वर्षे टिकला. ही माणसे तेवढी थांबणार नाहीत.

आमच्या मावशींचे चार पानांचे टिपण त्या मुलीने लिहून काढले आहे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनीही ते वाचले.

जयभीम.