सौंदर्याचा बाजार आणि डोळ्यांची सुरक्षितता

चेहऱ्यावरचे केस कायमचे काढणे, वांग आणि मुरुमांचे डाग घालविणे, सुरकुत्या बुजविणे हे उपचार एके काळी मोठ्या शहरांतील मूठभर श्रीमंतांपुरते मर्यादित होते. गेल्या दोन दशकांत ते जिल्ह्याच्याच नव्हे, तर तालुक्याच्या ठिकाणीही जाऊन पोहोचले आहेत. लग्नसराई जवळ आली की सवलतींच्या पाट्या झळकतात आणि पैसे हप्त्याने भरण्याची सोयही होते. मध्यमवर्गाच्या हाती आलेल्या पैशाचा काही भाग रूपावर खर्च व्हावा, यात वावगे काही नाही. विवाहाच्या आणि नोकरीच्या बाजारात चेहऱ्याला जी किंमत मोजली जाते, ती स्त्रियांनी ठरविलेली नाही. तेव्हा त्यांच्या या खर्चाला चैन म्हणून हिणविण्याचेही कारण नाही. प्रश्न हौसेचा नसून सुरक्षिततेचा आहे. आणि या साऱ्या व्यवहारात ज्या अवयवाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, त्या डोळ्याचा आहे.

मिटलेली पापणी पुरत नाही

लेसरच्या आजच्या त्वचोपचारांचा शास्त्रीय पाया अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये मांडला. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट रंगद्रव्यच शोषून घेते, त्यामुळे आजूबाजूच्या त्वचेला फारशी इजा न होता नेमके लक्ष्य तेवढे तापविता येते, हे त्याचे सूत्र. केस काढताना हे लक्ष्य म्हणजे केसाच्या मुळाशी असलेले मेलॅनिन. परंतु तेच मेलॅनिन बुबुळाच्या रंगीत पडद्यातही असते आणि दृष्टिपटलाच्या मागील थरातही असते. केस कोणता आणि डोळा कोणता, हे यंत्राला कळत नाही. ते चालविणाऱ्याला कळावे लागते.

सुमारे 400 ते 1400 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागातून आरपार जातो आणि नेत्रभिंग तो दृष्टिपटलावर एकवटते. या एकवटण्याने त्याची तीव्रता एक लाख पटींपर्यंत वाढू शकते. भारतीयांच्या दृष्टीने यात आणखी एक अडचण आहे. सावळ्या त्वचेचा वरचा थर भाजू नये म्हणून आपल्याकडे 1064 नॅनोमीटरच्या लेसरला पसंती दिली जाते, आणि ती योग्यच आहे. मात्र हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. जो दिसत नाही, त्याला पाहून पापणी मिटत नाही. इजा झाल्याचे कळते ते नजरेसमोर काळा ठिपका उभा राहिल्यावर.

‘डोळे घट्ट मिटून घ्या’ ही सूचनाही पुरेशी नाही. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा होय. शिवाय डोळे मिटले की बुबुळ आपोआप वर, म्हणजे भुवईच्या दिशेने, सरकते. भुवईचे केस काढताना लेसरचा किंवा आयपीएल नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीव्र प्रकाशाचा झोत पापणीतून बुबुळापर्यंत पोहोचून तेथे दाह झाल्याच्या, बाहुलीचा आकार बिघडल्याच्या आणि उजेड सहन होईनासा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणूनच डोळ्याच्या खोबणीच्या आत काम करावयाचे असेल, तर बधिर करणारे थेंब घालून पापणीखाली धातूची ढाल बसविणे आवश्यक असते. अन्यत्र काम करताना त्या त्या तरंगलांबीसाठी बनविलेला चष्मा लागतो. एका यंत्राचा चष्मा दुसऱ्या यंत्राला चालेलच असे नाही. शिवाय तो चष्मा उपचार घेणारीइतकाच यंत्र चालविणारीलाही हवा. कारण परावर्तित किरण कोण मालक आणि कोण नोकर हे पाहत नाहीत, आणि गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते, तर नोकर मुलगी दिवसभर त्या खोलीत असते.

धोका केवळ प्रकाशाचाच नाही. सुरकुत्या भरण्यासाठी टोचला जाणारा पदार्थ चुकून रक्तवाहिनीत गेला, तर तो उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत ढकलला जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडू शकतो. जागतिक वैद्यकीय वाङ्मयाच्या 2015 च्या एका आढाव्यात दृष्टी बाधित झाल्याच्या अशा 98 घटना आढळल्या. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश घटनांत सुई भुवयांच्या मधल्या भागात किंवा नाकाच्या परिसरात टोचलेली होती. जगभर टोचल्या जाणाऱ्या सुयांच्या मानाने ही संख्या अल्प आहे; परंतु अशी गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. रासायनिक सोलीचे आम्ल, किंवा त्वचा पुसण्यासाठी वापरले जाणारे क्लोरहेक्सिडीनसारखे जंतुनाशकही डोळ्यात गेल्यास इजा करते.

बाजार का अपुरा पडतो

हे सारे ज्ञात असता बाजार स्वतःहून काळजी का घेत नाही? अर्थशास्त्राकडे याचे उत्तर आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, अशा बाजारात हलका माल चांगल्याला हुसकावतो. येथील परिस्थिती त्याहूनही बिकट आहे. कारण उपचार झाल्यानंतरही ग्राहकाला दर्जा कळत नाही. ढाल न वापरताही शेकडो वेळा काहीच बिघडत नाही. त्यामुळे जो ढालींवर, चष्म्यांवर आणि प्रशिक्षणावर खर्च करतो, त्याचा दर वाढतो. पण त्या खर्चाचे फळ कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. जो हा खर्च टाळतो, त्याची पाटी स्वस्ताईची आणि त्याच्याच दारी गर्दी.

अमेरिकेतील लेसरविषयक 175 खटल्यांचा एक अभ्यास झाला आहे. त्यात यंत्र डॉक्टरेतर व्यक्तीच्या हाती असलेल्या खटल्यांचे प्रमाण 2008 मध्ये सुमारे 36 टक्के होते. 2011 मध्ये ते सुमारे 78 टक्के झाले. खटल्यांची संख्या म्हणजे इजांचे प्रमाण नव्हे, हे खरे. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते त्यावरून कळते.

कायद्यातील पोकळी

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी 2017 चे नियम आहेत. त्यांचा रोख मुख्यतः उत्पादन, आयात आणि विक्री यांवर आहे. दुकाने व आस्थापना कायदा कामाचे तास आणि रजा पाहतो. दिव्याच्या तरंगलांबीशी त्याला कर्तव्य नाही. वस्तू व सेवा कराने मात्र रेषा स्पष्ट आखली आहे. आरोग्यसेवा करमुक्त असली, तरी केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या सवलतीतून वगळलेली आहे. म्हणजे उपचार आणि प्रसाधन यांतील भेद तिजोरीला कळतो. तो सुरक्षेच्या व्यवस्थेला कळू नये, हे आश्चर्य होय.

ग्राहक न्यायालय आहे, असे यावर म्हटले जाईल. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले. परंतु भरपाई नंतर मिळते, आणि डोळा भरून देता येत नाही.

परवाने आले की लाचलुचपत येते आणि छोटी पार्लरे चालवून संसार सावरणाऱ्या स्त्रिया भरडल्या जातात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यावर तोड अशी, की नियमन धंद्याचे नव्हे, तर धोक्याचे करावे. दोऱ्याने भुवया कोरणाऱ्या, फेशियल करणाऱ्या बाईच्या वाटेला सरकारने जाऊ नये. डोळ्याला इजा करण्याइतका तीव्र प्रकाश देणारे यंत्र जेथे असेल, तेथे मात्र यंत्राची नोंद, चालविणाऱ्याचे प्रमाणित प्रशिक्षण, त्या तरंगलांबीचे चष्मे आणि ढाली, आणि प्रत्येक इजेची सक्तीची नोंद या चार गोष्टी अनिवार्य असाव्यात. सुई टोचण्याचे काम प्रशिक्षित डॉक्टराखेरीज कोणी करू नये. यंत्राच्या किमतीच्या मानाने चष्म्याची किंमत किरकोळ असते. सर्वांनाच तो सक्तीचा झाला, तर प्रामाणिक व्यावसायिकाला स्पर्धेत मार खावा लागणार नाही.

नियम होईपर्यंत ग्राहकाच्या हाती एकच साधन आहे, आणि ते म्हणजे प्रश्न. यंत्र कोणते, ते चालविणार कोण, डोळ्यांवर काय बसविणार, आणि काही बिघडले तर नेत्रतज्ज्ञ किती मिनिटांत मिळेल, हे दर विचारण्याआधी विचारले पाहिजे. समाधानकारक उत्तर न देणाऱ्या दुकानाची पायरी जितके ग्राहक उतरतील, तितकी सुरक्षिततेला बाजारात किंमत येईल. परंतु नागरिकांच्या चौकसपणावर सारा भार टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. दिसत नसलेल्या प्रकाशापासून स्वतःचे रक्षण करणे कोणाही ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि अशाच कामासाठी राज्यसंस्था असते.