विश्लेषण : युद्धकाळातली नववधू पुन्हा फॅशनमध्ये का?

जळगाव, धुळ्यात लग्नसराईच्या आधी ब्लाऊज शिवायला टाकताना हल्ली एक जुनाच फोटो मोबाइलवर पुढे केला जातो. पफ बाह्या, बंद गळा, बारीक काठाची साडी, अंगावर मोजकेच दागिने. साधारण १९४०च्या दशकातली नवरी. दिसायला देखणीच. पण तो साधेपणा तिने निवडला होता का?

हा ‘लूक’ आला कुठून?

टंचाईतून. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कुपने मिळत. चुण्या, झालरी, जास्तीची बटणे यांवर बंधने आली आणि सरळ, आटोपशीर शिलाई रूढ झाली. काही नवऱ्यांनी तर पॅराशूटच्या रेशमाचे झगे शिवले. युद्ध संपल्यावरही रेशनिंग चालूच होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नासाठी लोकांनी आपली कुपने पाठवली, तेव्हा ती परत करावी लागली. कुपन दुसऱ्याला देणे बेकायदा होते.

खान्देशात काय परिस्थिती होती?

कापूस इथला, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खान्देश मिल या गिरण्याही इथल्याच. तरीही कापड मिळेना. देशभरातल्या गिरण्यांवर लष्करी मागणीचा ताण होता, काळा बाजार फोफावला होता. अखेर १९४३ मध्ये सरकारने कापड नियंत्रण आदेश काढला आणि ठाणांवर किमतीचे शिक्के आले. नऊवारीच्या जागी पाचवारी येण्याची कारणे बरीच आहेत, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली हे त्यातले मोठे. पण एका साडीमागे चार वार वाचतात, हा हिशेब त्या दिवसांत क्षुल्लक नव्हता.

दुसरा प्रवाह खादीचा. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तिथे खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शनही होते. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांनी तुरुंगात कातलेल्या सुताची गुलाबी साडी नेसून इंदिरा २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादला बोहल्यावर उभ्या राहिल्या. ऐन युद्धातले हे लग्न. इथला साधेपणा मात्र निवडलेला होता, आणि तो मिरवण्यासारखाही होता.

सोन्याचे काय?

सुवर्णनगरीत हा प्रश्न टळत नाही. खरे तर आपल्याकडची ‘युद्धकाळातली नवरी’ १९६३चीही आहे. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. देशभर सोनारांची रोजी गेली, काहींनी जीव दिला. पुढे घरचे जुने सोने मोडून घडवण्यास सवलत मिळाली. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला मात्र १९९० साल उजाडले. १४ कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के सोने. त्या वेळी ते कमीपणाचे वाटे. आज तोळ्याचा भाव लाखापार गेल्यावर त्याच १४ कॅरेटचा हॉलमार्क असलेला दागिना दुकानात ‘लाइटवेट’ म्हणून मिळतो.

मग आजच्या नवरीने काय घ्यावे?

आमच्या मते, आधी घरची ट्रंक उघडावी. जुना काळ दाखवायला भाड्याचा पोशाख, भाड्याची मोटार आणि दोन दिवसांचे शूट करायचे, तर तो साधेपणा शालूपेक्षा महाग पडतो. आणि हे बिल बहुतेक वेळा मुलीचा बाप भरतो, हे आपण सगळे जाणतो.

आजीची रेशमी साडी नेसायची असेल तर आधी घड्यांच्या रेषा तपासा. रेशीम तिथेच पहिल्यांदा फाटते. साडी विरली असेल तर काठ-पदर उतरवून नव्या कापडाला लावता येतात. जरीवर थेट गरम इस्त्री नको. पफ बाही शिवणार असाल तर कापड सुती किंवा हलके घ्या; मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जातो आणि अस्तर लावलेली फुगीर बाही मंडपात तासाभरात नकोशी होते. खादी या उन्हात शोभते आणि सोसवतेही. दागिन्यांत एक ठुशी किंवा मोहनमाळ, पाटल्या आणि नथ पुरे.

राहता राहिला रंग. ते सगळे फोटो कृष्णधवल आहेत. १९४३ मध्ये अठरा वर्षांची असलेली नवरी आज शंभरीत असेल. १९६३ची मात्र ऐंशीच्या आसपास आहे, आणि कदाचित तुमच्याच घरात आहे. साडी कोणत्या रंगाची होती, मंगळसूत्र किती कॅरेटचे होते, मोडून काय केले, हे तिला नक्की आठवत असेल.